पहुडती सायकल : तोल, वळण आणि ब्रेक

वाहनाची परीक्षा त्याच्या वेगावरून करण्याची सवय आपणां सर्वांनाच जडलेली आहे. परंतु घरातील मूल प्रथम सायकल घेऊन रस्त्यावर निघाले म्हणजे वडीलधारी माणसे त्यास 'जोरात जा' असे कधी सांगत नाहीत. 'जपून वळ, ब्रेक बघून लाव' असेच सांगतात. वाहनविद्येचे सारे सार या दोन वाक्यांत आलेले आहे, असे म्हणावयास हरकत नाही. वेग किती, हा प्रश्न शर्यतीच्या मैदानावरचा होय. वळण कसे घेते आणि थांबते कसे, हा प्रश्न मात्र रोजच्या रस्त्यावरचा, आणि प्रसंगी जिवाशी गाठ घालणारा आहे.

याच दृष्टीने आम्ही या लेखात एका आगळ्या सायकलीचा विचार करणार आहोत. पाश्चात्त्य देशांत 'रिकम्बंट' नावाने ओळखली जाणारी ही सायकल आपल्याकडे क्वचितच दिसते. आरामखुर्चीत बसावे तसे पाठ टेकून बसावयाचे, पाय पुढे पसरून पायडल मारावयाचे, आणि नजर समोर ठेवून जावयाचे, अशी तिची रचना. आम्ही तिला सोयीसाठी 'पहुडती सायकल' म्हणणार आहोत. पाठदुखी असलेल्यांना, मनगटे दुखणाऱ्यांना, अरुंद सीटवर बसणे अशक्य झालेल्यांना या बैठकीने पुन्हा सायकल चालविता येते, हे तिचे मोठे पुण्य. पण 'पहुडती सायकल' या एका नावाखाली अनेक निरनिराळ्या रचना नांदतात, आणि वळण्याच्या व थांबण्याच्या बाबतीत त्यांचे स्वभाव भावाभावांसारखे भिन्न आहेत. ते स्वभाव न जाणता जो ती घेईल, त्याला आराम मिळण्याआधी दुखापत होण्याचा संभव अधिक.

बहिष्कृत विजेती

या सायकलीचा इतिहास थोडक्यात सांगणे अवश्य आहे. फ्रान्समधील शार्ल मोशे या कारागीर-संशोधकाने प्रथम आपल्या मुलासाठी चार चाकांची पायडलगाडी केली. पुढे तिच्यावरून दोन चाकांची, पाठ टेकून चालवावयाची 'व्हेलोकार' त्याने घडविली. ७ जुलै १९३३ रोजी पॅरिस येथे फ्रान्सिस फोर या सायकलपटूने तिच्यावर बसून एका तासात ४५.०५५ किलोमीटर अंतर कापले, आणि १९१४ पासून ऑस्कर एग याच्या नावावर असलेला ४४.२४७ किलोमीटरांचा विक्रम मोडला. फोर हा काही त्या काळचा पहिल्या प्रतीचा शर्यतपटू समजला जात नसे. साहजिकच लोकांचे लक्ष माणसाकडून यंत्राकडे गेले. १९३४ साली आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने शर्यतीच्या सायकलीची व्याख्याच अशी ठरविली की, पहुडती सायकल तीत बसू नये. त्याच वर्षी मोशे वारला.

यानंतर सुमारे चाळीस वर्षे हा विषय मागे पडला. १९७० नंतर अमेरिकेत त्याला पुन्हा पालवी फुटली. मॅसॅच्युसेट्स येथील एम.आय.टी. या संस्थेतील प्राध्यापक डेव्हिड गॉर्डन विल्सन यांनी अशा सायकलींचा शास्त्रीय विचार केला, आणि लांब बांधणीची 'अवतार २०००' ही सायकल त्यांच्या प्रयत्नांतून पुढे आली. हे संस्कृत नाव वाचून मराठी वाचकांस गंमत वाटेल. १९८६ साली फ्रेड मार्कहॅम याने 'गोल्ड रश' नावाच्या, कवच घातलेल्या पहुडत्या सायकलीवर ताशी १०५ किलोमीटरांचा वेग गाठला. २०१६ साली नेवाडातील बॅटल माउंटन येथे टॉड रायकर्ट याने ताशी १४४ किलोमीटरांचा टप्पा ओलांडला. इंजिन नाही, मोटार नाही. केवळ मनुष्याचे दोन पाय! याचे मुख्य कारण वारा. पहुडलेले शरीर वाऱ्यास समोरून कमी जागा देते, आणि वर कवच घातले तर वारा अंगावरून निसटून जातो.

मात्र हे सारे विक्रम सरळ वा आखून दिलेल्या मार्गावरचे आहेत. भाजीबाजाराच्या तोंडाशी, समोर अकस्मात गाय उभी राहिली असता, विक्रमाचा आकडा कामास येत नाही.

काठी आणि तोल

तोलाबद्दल एक गैरसमज प्रथम दूर केला पाहिजे. पहुडती सायकल जमिनीलगत असते, म्हणून ती तोलावयास सोपी असणार, असे पुष्कळांना वाटते. दोन चाकांच्या सायकलीबाबत वस्तुस्थिती उलट आहे. वाचकांनी घरी प्रयोग करून पाहावा. तळहातावर लांब काठी उभी धरली तर ती सावरता येते. कारण ती हळूहळू कलते आणि हात हलविण्यास अवधी मिळतो. पेन्सिल उभी धरू गेल्यास ती पापणी लवण्यापूर्वी पडते. सायकलस्वाराचेही तसेच. त्याचा गुरुत्वमध्य जितका खाली, तितका कलण्याचा वेग अधिक. गुरुत्वमध्याची उंची निम्मी केली तर सावरावयास मिळणारा अवधी सुमारे तीन दशांशांनी घटतो. यास्तव अगदी खुजी, शर्यतीची पहुडती सायकल संथ वेगात नवख्याला डगमगती वाटते. वेग आला म्हणजे मात्र ती स्थिर होते.

दुसरी अडचण अशी की, नेहमीच्या सायकलीवर आपण नकळत कंबर हलवितो, सीटवरून उठतो, खड्डा आला तर पायांवर भार घेतो. पाठ टेकलेल्या स्वारास यांपैकी काहीच करता येत नाही. त्याला तोल जवळजवळ सर्वस्वी हँडलनेच सांभाळावा लागतो. चढावर उभे राहून पायडल मारण्याची सोय नाही. वेग मंदावतो, आणि मंद वेगात डगमग वाढते. नवशिक्याची खरी कसोटी उतारावर नसून चढावर लागते, ती याच कारणाने.

सायकल मुळात उभी राहते तरी कशी, हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही दीर्घकाळ छळीत आला आहे. फिरत्या चाकाचा भोवऱ्यासारखा गुण, आणि पुढच्या चाकाचे जमिनीला टेकण्याचे ठिकाण हँडलच्या आसाच्या रेषेमागे असणे, ही दोन कारणे पूर्वी सांगत असत. १९७० साली डेव्हिड जोन्स यांनी भोवऱ्याचा गुण नाहीसा करूनही सायकल चालविता येते, हे प्रयोगाने दाखविले. २०११ साली डेल्फ्ट व कॉर्नेल विद्यापीठांतील संशोधकांनी, ही दोन्ही कारणे काढून टाकली तरी सायकल आपणहून सावरू शकते, असे सिद्ध केले. तात्पर्य इतकेच की, सायकलीचा स्वभाव एखाद्या मापावर ठरत नाही. चाकांतील अंतर, वजनाची वाटणी, चिमट्याचा कल या सर्वांचा तो मेळ असतो.

लांब आणि आखूड

दोन चाकांच्या पहुडत्या सायकलींची दोन मुख्य कुळे आहेत. लांब बांधणीत पुढचे चाक पायडलांच्याही पुढे असते, आणि दोन चाकांतील अंतर साधारणपणे १६५ ते १८० सेंटिमीटर भरते. आखूड बांधणीत पायडले पुढच्या चाकाच्या पुढे, जणू हवेत असतात, आणि चाकांतील अंतर आपल्या नेहमीच्या सायकलीइतके, म्हणजे एक मीटरच्या आसपास राहते.

लांब सायकल स्वभावाने शांत. हँडल किंचित हलले तर ती एकदम दिशा बदलीत नाही. सरळ रस्त्यावर, दीर्घ प्रवासात ती सुखावह वाटते. परंतु हँडल तेवढेच वळविले असता तिच्या वळणाचे वर्तुळ आखूड सायकलीच्या सुमारे दीडपटीहून मोठे होते. अरुंद गल्लीत तिला वळवून घेणे म्हणजे बैलगाडी वळविण्याइतकेच कष्टाचे. शिवाय तिच्या पुढच्या चाकावर एकूण वजनाचा तिसरा हिस्साही क्वचितच पडतो. त्यामुळे वाळूवर वा ओल्या शेणावर पुढचे चाक सटकण्याचे भय असते.

आखूड सायकल चपळ. गल्लीबोळात ती सहज फिरते, घरात ठेवावयास जागा कमी लागते. मात्र तिचे हँडल हळवे असते. नवख्याच्या हातात ती नागमोडी चालते. तसेच पायडले चाकासमोर असल्याने तीव्र वळणावर टाच पुढच्या चाकास घासते. संथ वेगात वळताना पायडल मारणे थांबवून पाय योग्य जागी ठेवण्याची सवय लावून घ्यावी लागते.

हँडल कोठे असावे, याचेही दोन पंथ आहेत. काही सायकलींत हँडल छातीसमोर येते. काहींत ते सीटखाली असते आणि हात दोन्ही अंगांस सैल लोंबते राहतात. दुसरा प्रकार खांद्यांस फार सुखाचा. परंतु लांब सायकलीत हँडल व चिमटा यांना जोडणारी सळई द्यावी लागते, आणि तिचे सांधे झिजून ढिले पडले की हाताची हालचाल चाकापर्यंत उशिरा पोहोचते. छातीसमोरच्या लांब दांड्याच्या हँडलला नावेच्या सुकाणूप्रमाणे बाजूला सारावे लागते. काही रचनांत पायडले पुढच्या चिमट्यालाच जोडून पुढचे चाक फिरवितात. साखळी आखूड होते हे खरे. पण पायाचा प्रत्येक रेटा हँडललाही जाणवतो आणि हातांना तो सतत सावरावा लागतो.

ब्रेकचे गणित

आता मुख्य विषयाकडे वळू. आम्ही मराठीचे विद्यार्थी. तरीही शाळेच्या फळ्यावर मांडता येण्याजोगे हे गणित आहे आणि ते प्रत्येक सायकलस्वाराने समजून घ्यावे, असे आम्हांस वाटते.

ब्रेक लागला की शरीराचे वजन पुढे झेपावते. पुढच्या चाकावरचा भार वाढतो, मागच्याचा घटतो. नेहमीच्या सायकलीवर स्वाराचा गुरुत्वमध्य जमिनीपासून सुमारे ११० सेंटिमीटर उंच आणि पुढच्या चाकाच्या टेकण्यापासून सुमारे ६० सेंटिमीटर मागे असतो. या दोन आकड्यांचे गुणोत्तरच सांगते की, गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ५५ टक्क्यांहून अधिक जोराने ही सायकल थांबवू गेल्यास मागचे चाक उचलले जाईल आणि स्वार हँडलवरून पुढे फेकला जाईल. टायरची पकड कितीही चांगली असो, ही मर्यादा ओलांडता येत नाही.

ताशी २५ किलोमीटरांचा वेग धरू, आणि कोरड्या रस्त्यावर टायरची पकड भाराच्या ८० टक्के मानू. नेहमीची सायकल पुढचा ब्रेक कौशल्याने वापरल्यास सुमारे साडेचार मीटरांत थांबते. केवळ मागचा ब्रेक लावला तर तीच साडेनऊ मीटरांहून अधिक अंतर घेते. 'पुढचा ब्रेक लावू नको, पडशील' असे आपल्याकडे मुलांना सांगतात; पण मागच्याच ब्रेकवर विसंबणारे मूल दुप्पट अंतर घसरत जाते, हेही त्यास सांगितले पाहिजे.

लांब पहुडत्या सायकलीवर चित्र पालटते. गुरुत्वमध्य सुमारे ७५ सेंटिमीटर उंच, आणि पुढच्या चाकापासून जवळजवळ १२० सेंटिमीटर मागे. स्वार पुढे फेकला जाण्याचा प्रश्नच उरत नाही; त्याआधी टायरच घसरेल. दोन्ही ब्रेक योग्य प्रमाणात लावले तर ती सुमारे तीन मीटरांत थांबू शकते. परंतु येथेच एक खाच आहे. केवळ पुढचा ब्रेक लावल्यास पुढच्या चाकावर भार थोडा असल्याने ते घसरते, आणि थांबावयास साडेसहा मीटर लागतात. केवळ मागचा लावल्यास सुमारे सहा. म्हणजे या सायकलीवर मागचा ब्रेक पुढच्याच्या तोडीचा आहे, आणि दोन्ही मिळूनच तिचा खरा गुण प्रकट होतो. पुढचे चाक वळणावर घसरले तर हँडलचा ताबा क्षणात जातो. म्हणून नेहमीच्या सायकलीवरील पुढच्या ब्रेकची सवय हिच्यावर तशीच आणणे धोक्याचे आहे.

आखूड सायकल या दोहोंच्या मध्ये बसते. पुढच्या चाकावर निम्म्याहून किंचित अधिक भार असेल तर जोरात ब्रेक मारताच तिचेही मागचे चाक उचलू शकते. थांबावयाचे अंतर सुमारे चार मीटर येते. स्वाराचे पाय पुढे असल्यामुळे तो डोक्यावर आपटण्याचे भय मात्र पुष्कळ कमी.

ही सारी अंतरे ब्रेक लागल्यापासूनची आहेत, हे वाचकांनी विसरू नये. डोळ्याने पाहून हाताने ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद गेला तर या वेगात सात मीटर आधीच संपलेले असतात. रस्ता ओला असेल तर सर्वच आकडे वाढतात. स्टीलच्या ओल्या रिमवर रबरी ब्रेकची पकड किती कमी होते, याचा अनुभव आपल्याकडील दांड्याच्या ब्रेकच्या सायकली वापरणाऱ्यांनी पावसाळ्यात घेतलेला असेलच. शिवाय पहुडती सायकल उतारावर वाऱ्याच्या कमी अडथळ्यामुळे अधिक धावते. ताशी ४० ऐवजी ५० किलोमीटर वेग झाला तर ब्रेकला दीडपटीहून अधिक ऊर्जा जिरवावी लागते. आणि पुढचे चाक लहान असेल तर त्याची रिम लवकर तापते. म्हणून घाटात चालवावयाच्या सायकलीस डिस्कचे किंवा ड्रमचे ब्रेक बरे.

तीन चाकांची कहाणी

ज्यांना तोल सांभाळणे अवघड, अशा वृद्धांसाठी व रुग्णांसाठी तीन चाकांची पहुडती सायकल आहे. तिचेही दोन प्रकार : पुढे दोन व मागे एक चाक, किंवा पुढे एक व मागे दोन. दिसावयास हा फरक किरकोळ. परिणामात तो फार मोठा आहे.

तीन चाकी वाहन वळणावर आत कलू शकत नाही. ते बाहेर उलटू पाहते. येथे मात्र खुजेपणा कामास येतो. पुढच्या दोन चाकांत ७५ सेंटिमीटर, आणि पुढच्या व मागच्या चाकांत एक मीटर अंतर असलेल्या गाडीत गुरुत्वमध्य पुढच्या आसामागे ३५ व जमिनीपासून ४० सेंटिमीटरांवर असेल, तर दहा मीटर त्रिज्येचे वळण ती ताशी सुमारे २७ किलोमीटर वेगाने उलटल्यावाचून घेऊ शकते. बैठक उंच करून गुरुत्वमध्य ८० सेंटिमीटरांवर नेला तर हीच मर्यादा २० च्या खाली येते.

वळणावरच ब्रेक लावावा लागला तर? वजन पुढे व बाहेर झेपावते. पुढे दोन चाके असतील तर ते रुंद पायावर जाते आणि गाडी सावरते. पुढे एकच चाक असेल तर ते निमुळत्या टोकाकडे जाते आणि गाडी उलटण्याचा संभव वाढतो. इंग्लंडमधील माइक बरोज यांची 'विंडचीता' ही पुढे दोन चाकांच्या पंथातली नामांकित गाडी होय. याच बरोज यांच्या रचनेतून आलेल्या लोटस सायकलीवर ख्रिस बोर्डमन याने १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकले होते.

अशा गाडीत ब्रेक दोन्ही पुढच्या चाकांस असतात, आणि पुष्कळदा डाव्या हाताचा डाव्या चाकास, उजव्याचा उजव्या चाकास जोडलेला असतो. मग एकच ब्रेक दाबला तर गाडी त्या अंगास ओढली जाणार नाही काय? चांगल्या गाडीत चाक वळविण्याचा आस असा तिरका ठेवतात की, त्याची रेषा बरोबर टायर जमिनीस टेकते तेथेच उतरावी. मग ब्रेकचा ओढा हँडलला जवळजवळ जाणवत नाही. गाडी घेताना मोकळ्या जागी संथ वेगात एकेक ब्रेक दाबून हे तपासून घ्यावे. आणखी एक महत्त्वाची सूचना : पाय पायडलला पट्ट्याने किंवा क्लिपने जखडलेला असलाच पाहिजे. चालत्या गाडीत पाय निसटून जमिनीस टेकला तर गाडी त्यावरून पुढे जाते, आणि पायास गंभीर इजा होते.

पुढे एक चाक असलेल्या तीनचाकीचा परिचय आपणांस आहेच. हैदराबाद, ग्वाल्हेरकडील वाचकांनी जी सायकल रिक्षा पाहिली, ती याच कुळातली. उंच बैठक, सारा भार मागच्या आसावर, आणि जुन्या रिक्षांत ब्रेक बहुधा पुढच्या एकट्या चाकास! ज्या चाकावर भार सर्वांत थोडा, त्याच्यावर थांबविण्याची सारी जबाबदारी. उतारावर खाली उतरून, दोन्ही हातांनी रिक्षा मागे रेटून धरणारा तो कष्टकरी माणूस आपण पाहिला असेल. त्याच्या त्या धडपडीचे कारण वर मांडलेल्या गणितात आहे. भार जेथे पडतो तेथे ब्रेक द्यावा आणि बैठक खाली आणावी, एवढे दोन नियम पाळले तरी त्याचे व त्याच्या प्रवाशांचे संकट पुष्कळ हलके होईल. हाताने चालवावयाच्या अपंगांच्या तीनचाकीलाही हेच लागू आहे.

निवड कोणी कशाची करावी

सपाट, मोकळ्या रस्त्यावर दूर जावयाचे असेल तर लांब सायकल उत्तम. पण दोन्ही ब्रेक एकत्र लावण्याचा सराव करावा. शहरातील गल्ल्यांत फिरणाऱ्या तरुणास आखूड सायकल चालेल. काही दिवस मैदानात घालवून मगच रस्त्यावर यावे. ज्यांचा तोल वयोमानाने वा आजाराने गेला आहे, त्यांनी पुढे दोन चाके असलेली, खुजी तीनचाकी घ्यावी. मात्र ती ट्रकचालकाच्या नजरेखाली राहते. म्हणून उंच काठीवर ठळक निशाण आणि दिवसाही पेटता दिवा अवश्य लावावा. खड्ड्यांच्या व रहदारीच्या रस्त्यावर, जेथे पदोपदी उठून उडी टाळावी लागते, तेथे मात्र आपली जुनी उभी सायकलच अधिक भरवशाची, असे आमचे मत आहे.

कोणतीही सायकल घ्या, पहिल्या दिवशी ती पळवून पाहू नका. मोकळ्या मैदानात खडूने रेघ मारा, बेताच्या वेगाने या, आणि रेघेपासून किती पावलांत थांबता हे मोजा. मग डावीकडे व उजवीकडे लहानात लहान वर्तुळे काढा. अर्ध्या तासात यंत्राचा स्वभाव कळेल, आणि घरच्यांनाही दाराकडे डोळे लावून बसण्याची पाळी येणार नाही.